तीन गावांचा व्हिसा

आमच्या मोहल्ल्यात कुणाकुणाचे नातेवाईक पाकिस्तानात आहेत, हे कुणी मोठ्यानं सांगत नाही. मला मात्र बऱ्यापैकी ठाऊक आहे, कारण कागद माझ्याकडे येतात. मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. त्यामुळे मराठी शाळेचा दाखला आणि उर्दू निकाहनामा एकमेकांशी जुळवून पाहायचे असले की "बाजीकडे जा" असं ठरलेलं आहे. दार लोटून घेतात, मग पिशवीतून प्लास्टिकची फाईल काढतात. चोरीचा माल असल्यासारखी.

फाईलमध्ये काय असतं? बहुतेक वेळा एखाद्या बहिणीचं नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिलेलं. शाळेच्या दाखल्यावर खतिजा, निकाहनाम्यावर खदीजा, पासपोर्टवर इंग्रजी स्पेलिंग तिसरंच. बापाचं नाव एकीकडे इब्राहिम, दुसरीकडे इब्राम. जन्मतारीख विचारूच नका. आमच्या आईवडलांच्या पिढीतला निम्मा महाराष्ट्र १ जूनला जन्मलेला आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींना तीच तारीख सोयीची वाटे. आपल्याकडच्या क्लार्कला हे सांगावं लागत नाही, कदाचित तोही १ जूनचाच असतो. पण परक्या मुलकाच्या व्हिसाच्या खिडकीवर तिघं भावंडं, तिघांचा जन्म १ जूनचा, हे समजावायला जीभ कमी पडते.

कोकणातल्या मुसलमानांचा कराचीशी संबंध फाळणीनं सुरू झालेला नाही, हे आधी सांगायला हवं. सिंध १ एप्रिल १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच होता. कराची हे परदेश नव्हतं, आपल्याच इलाख्यातलं दुसरं बंदर होतं. आमच्याकडचे लोक जहाजावर खलाशी, सारंग, गोदीत मजूर. काम मुंबईत मिळालं तर मुंबई, कराचीत मिळालं तर कराची. फक्त मुसलमानच नव्हे, मराठी ब्राह्मण, मराठे, सगळेच तिकडे गेलेले. कराचीतल्या एका जुन्या नामांकित सरकारी शाळेला आजही नारायण जगन्नाथ वैद्य यांचं नाव आहे. सिंधमध्ये शिक्षणखात्यात काम केलेला हा मराठी माणूस. मी ती इमारत बाहेरून पाहिली तेव्हा मला उगाचच आपल्या पंचायत समितीतल्या शिक्षणाधिकाऱ्यांची आठवण झाली.

माझ्या नानांचे थोरले भाऊ असेच गेले, बोटीनं, कागदाशिवाय. कागद नंतर आले. जुलै १९४८ मध्ये पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी परमिट आलं, आणि १५ ऑक्टोबर १९५२ पासून पासपोर्ट आणि व्हिसा. म्हणजे फाळणी झाल्यावरही पाच वर्षं या दोन देशांत पासपोर्ट नव्हता. आज हे सांगितलं तर मुलं माझ्याकडे संशयानं बघतात. मुंबई–कराची बोट १९६५ च्या युद्धापर्यंत चालत असे. मग तीही थांबली. राजस्थानातून सिंधमध्ये जाणारी रेल्वे त्याच युद्धात थांबली. १९७१ नंतर उरलंसुरलं गेलं. सिमला करारानंतर २२ जुलै १९७६ ला अमृतसर–लाहोर गाडी सुरू झाली, समझौता एक्स्प्रेस. माझ्या खालाचं लग्न १९७८ मध्ये नानांच्या त्याच भावाच्या नातवाशी झालं. म्हणजे गाडी सुरू झाली, लग्न ठरलं. आमच्या घरात समझौता करार म्हणजे खालाचा निकाह, इतकाच अर्थ होता.

आता भूगोल पाहा. मुंबईहून कराची सरळ रेषेत नऊशे किलोमीटरच्या आत आहे. नागपूरला जायचं तेवढंच. पण गाडीनं जायचं तर आधी दिल्ली, १३८४ किलोमीटर. तिथून अमृतसर, साडेचारशे. मग अटारी, वाघा, लाहोर. आणि लाहोरहून परत खाली दक्षिणेला कराची, बाराशेच्या वर. सगळं मिळून तीन हजार किलोमीटरच्या पुढे. त्यात आमचा खेड ते मुंबई हा प्रवास धरलेला नाही. विमान होतं, दीड तासाचं. पण ज्यांना ते परवडत होतं त्यांच्या फायली माझ्याकडे येत नसत.

पण अंतराची गोष्ट सोपी. माणूस चालतो. खरी अडचण व्हिसावरच्या गावांच्या नावांची. इतर देशांचा व्हिसा देशाचा असतो. भारत-पाकिस्तानचा व्हिसा गावांचा असतो. १९७४ च्या करारापासून ही पद्धत आहे. कुठल्या शहरात जाणार ते आधी लिहायचं, तेवढीच शहरं व्हिसावर येणार. बहुतेकांना तीन मिळत. २०१२ च्या नव्या करारात ती पाच झाली. जिथं जाल तिथं चोवीस तासांत पोलिसांकडे हजेरी, निघायच्या आधी पुन्हा हजेरी. कुठल्या नाक्यानं आणि कुठल्या वाहनानं शिरणार तेही लिहायचं, आणि जुन्या नियमाप्रमाणे त्याच नाक्यानं, त्याच वाहनानं परत फिरायचं.

खाला १९९७ मध्ये आली तेव्हा मी सोळा वर्षांची होते. कराचीतली भारतीय वकिलात त्याआधी काही वर्षं बंद झालेली, मुंबईतली पाकिस्तानचीही. त्यामुळे खालूंना व्हिसासाठी कराचीहून इस्लामाबादपर्यंत जावं लागलं होतं. व्हिसावर तीन गावं: मुंबई, खेड, रत्नागिरी. मुंबईत उतरायचं, खेडला माहेर, रत्नागिरीला धाकटी बहीण. महाड नव्हतं. महाडला थोरले मामू होते.

फॉर्म भरला तेव्हा मामू ठणठणीत होते, खेडला येऊन भेटणार होते. व्हिसा हातात पडेपर्यंत काही महिने गेले आणि तेवढ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. खेड ते महाड म्हणजे एसटीनं कशेडी घाट उतरला की झालं. पण घाटाच्या वर रत्नागिरी जिल्हा आणि खाली रायगड. आम्ही लहानपणापासून तो घाट ओकाऱ्या काढत शेकडो वेळा पार केला असेल, ती सरहद्द आहे हे कधी कळलं नव्हतं.

घरात तीन दिवस खल झाला. मोठ्या अब्बूंचं म्हणणं, रात्रीची जीप करू, पहाटे परत येऊ, कोण बघतंय. खाला ऐकेना. ती दिसायला भित्री नव्हती, पण कागदाला इतकी घाबरलेली बाई मी दुसरी पाहिली नाही. परत जाताना शिक्का मिळाला नाही तर? पुढच्या वेळी व्हिसाच नाकारला तर? आणि आपल्यामुळे इथल्या भावांना रोज चौकीवर बोलावलं तर? ती उद्या निघून जाणार, आपण इथंच राहणार, हे तिला आमच्यापेक्षा जास्त कळत होतं.

शेवटी मार्ग निघाला तो एसटीनं. परतीच्या वाटेवर खेडहून मुंबईला जाणारी गाडी महाडच्या स्टँडवर थांबतेच. प्रवासात गाव लागलं तर तो काही गुन्हा नाही. मामूंना रिक्षातून स्टँडवर आणलं. दोघांनी धरून खिडकीखाली उभं केलं. खाला खाली उतरली नाही. तिनं आपला हात खिडकीच्या गजांतून बाहेर काढला आणि मामूंनी चालत होता त्या हातानं तो धरला. ती खालाची आठ-नऊ वर्षांची मुलगी शेजारी बसून वेफर्स खात होती, तिला कळत नव्हतं की सगळे का रडतायत. कंडक्टरनं दोनदा बेल मारायला हात वर नेला आणि दोनदा खाली घेतला. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. मग ड्रायव्हरनं मागं वळून पाहिलं. गाडी गेली. मामू पुढच्या रमजानच्या आधी वारले.

२००५ मध्ये अम्मी आणि मी गेलो. बीएड नुकतंच झालेलं, नोकरी लागायची होती, सुट्टी मागायला कुणी नव्हतं. व्हिसासाठी माझा भाऊ दिल्लीला दोन वेळा जाऊन आला. पाठवणाऱ्याचं पत्र, त्याच्या ओळखपत्राची प्रत, वीजबिल, फोटो, सगळ्याच्या अनेक प्रती. पलीकडून हे कागद पोस्टानं येत आणि त्यातला एक तरी नेहमी अस्पष्ट निघे.

आपल्याकडे लोक 'वाघा बॉर्डर' म्हणतात. वाघा हे पलीकडचं गाव, आपलं गाव अटारी. १९५९ पासून तिथं संध्याकाळी झेंडे उतरवायची कवायत होते, ती बघायला आता शाळांच्या सहली जातात. बूट आपटतात, लोक घोषणा देतात, आइस्क्रीम खातात. मी त्याला नावं ठेवत नाही. पण त्या गॅलरीत बसून सरहद्द दिसत नाही एवढं खरं. ती दिसते रेल्वे स्टेशनवर, बोचकी मोजताना.

दिल्लीहून रात्री सुटलेली गाडी सकाळी अटारीला पोचते. तिथं सगळ्यांनी सगळं सामान घेऊन उतरायचं. आधी पासपोर्टची रांग, मग सामानाची. आमच्याकडे पाच डाग होते. अम्मीनं खालासाठी कोकम, सोडे, सुका जवळा, खोबरं, नाचणीचं पीठ, दोन सुती चादरी आणि एक स्टीलचा मोदकपात्रासारखा टोप घेतला होता, सांदणं उकडायला. कराचीत सगळं मिळतं हो, पण कोकम मिळत नाही. कस्टमच्या साहेबांनी सोड्यांची पिशवी उघडली आणि मान मागं घेतली. "ये क्या है?" अम्मी म्हणाली, "झिंगा है, सूखा हुआ. खाकर देखो." त्यांनी पिशवी स्वतःच्या हातानं बांधून दिली आणि पुढच्या चार डागांना हात लावला नाही. मागच्या रांगेत खेपा करणारे होते, कपड्यांचे गठ्ठे घेऊन दर फेरीला येणारे जाणारे. त्यांना कुठल्या खिडकीवर किती वेळ लागतो, कुठला हमाल किती घेतो, सगळं पाठ. त्यांच्याकडून मी अर्ध्या तासात जेवढं शिकले तेवढं फॉर्ममागच्या सूचनांत नव्हतं. सामानाला नंबर घाला. पासपोर्ट पर्समध्ये नको, गळ्यात. पाणी इथंच भरून घ्या. म्हाताऱ्या माणसाला खुर्ची दिसली की बसवून टाका, लाजू नका.

मग पलीकडे जाणारी गाडी. दोन्ही बाजूंना कुंपण, काही अंतर घोड्यावरचे जवान गाडीच्या बाजूनं येतात. डब्यात कुणी बोलत नाही. फाटक येतं आणि जातं. लगेच घड्याळ अर्धा तास मागं करायचं. आणि वाघा आलं की पुन्हा सगळ्यांनी सगळं सामान घेऊन उतरायचं! पुन्हा पासपोर्टची रांग, पुन्हा सामानाची. तिथल्या माणसानं आमचं आडनाव दोनदा वाचलं. शेवटी 'कर' असलेलं मुसलमानी नाव त्यानं ऐकलं नव्हतं. मी उर्दूत सांगितलं, गावाचं नाव आहे, समुद्राकाठचं. "उर्दू कहाँ सीखी?" म्हणाला. म्हटलं, रत्नागिरी जिल्हा, जिल्हा परिषदेच्या शाळेत. तो हसला, पण त्याचा विश्वास बसला असं काही वाटलं नाही.

अटारी ते वाघा तीन किलोमीटर. आम्हाला पूर्ण दिवस गेला. लाहोर, मग कराचीची गाडी, मग खाला. दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता करायच्या आधी खालाच्या मुलानं आम्हाला पोलिसांच्या ऑफिसात नेलं, चोवीस तास संपायच्या आत. अम्मी वैतागली, "अरे, जरा तोंड तरी धुऊ दे." तो म्हणाला, "खाला, पहले एंट्री." ती घाई मी ओळखली. आठ वर्षांपूर्वी आमचे मामू त्याच्या आईला घेऊन असेच धावले होते.

परतायच्या चार दिवस आधी अम्मीला ताप भरला. मलेरिया. डॉक्टर म्हणाले, एवढा लांबचा प्रवास नको, विमानानं जा, दीड तासात मुंबई. पैसेही खालूंनी काढून ठेवले. पण व्हिसावर रेल्वे आणि वाघा लिहिलेलं. कराचीच्या विमानतळावरून उडता येईना. मुदत वाढवायची तर पुन्हा अर्ज, पुन्हा वाट. म्हणून १०२ ताप अंगात असलेल्या बाईला घेऊन मी बाराशे किलोमीटर उत्तरेला गेले, दोन स्टेशनांवर पाच डाग उतरवले, चढवले, आणि मग दिल्लीहून पुन्हा चौदाशे किलोमीटर दक्षिणेला आले. अम्मीला त्यातलं फारसं आठवत नाही. मला सगळं आठवतं. अटारीला एका पंजाबी म्हाताऱ्या बाईनं, जी स्वतः नातवाला घ्यायला आली होती, आपली सतरंजी अंथरून अम्मीला त्यावर निजवलं. नाव विचारायचं राहिलं.

त्यामुळे १८ फेब्रुवारी २००६ ला थार एक्स्प्रेस सुरू झाली तेव्हा आमच्या घरात पेढे वाटले गेले, हे मी शपथेवर सांगते. जोधपूरच्या भगत की कोठी स्टेशनवरून मुनाबाव, तिथून पलीकडे झीरो पॉइंट, खोखरापार आणि सरळ कराची. एक्केचाळीस वर्षांनी ती वाट उघडली. मुंबईहून जोधपूरला सूर्यनगरी एक्स्प्रेस आहे. एकूण अंतर जवळजवळ निम्म्यावर आलं. गाडी आठवड्यातून एकदा, चुकली तर पुढचा आठवडा. दोन्हीकडे उतरून तपासणी तीच, आणि मुनाबावला स्टेशन सोडलं तर वाळू. पण आम्हाला ते हजवरून परतल्यासारखं सोपं वाटलं.

२००८ च्या फेब्रुवारीत, खालाच्या मुलाच्या लग्नाला, आम्ही त्या गाडीनं गेलो. आणि तिथं माझा एक समज गळून पडला. मला वाटत असे हे सगळं दुखणं आपलं, मुसलमानांचं. त्या डब्यात आमच्यासारखी मोजकीच कुटुंबं. बाकी सोढा राजपूत, मेघवाळ, भिल्ल. सिंधमधले हिंदू, राजस्थानातल्या आपल्या लोकांकडे येणारे जाणारे. उमरकोटचे सोढा राजपूत एकाच कुळातले, म्हणून सोयरीक बाहेर करावी लागते आणि ती पिढ्यान् पिढ्या राजस्थानात होते. (उमरकोट म्हणजे अकबराचं जन्मगाव, १५४२. सातवीच्या मुलांना मी हे सांगते तेव्हा ते नकाशात आधी उत्तर प्रदेशात शोधतात.) आमच्या समोरच्या बाकावर एक सासू आपल्या सुनेला बाडमेरच्या माहेराहून परत नेत होती. सुनेचा पासपोर्ट एका देशाचा, सासूचा दुसऱ्या देशाचा. दोघींच्या रांगा वेगळ्या, बोचकं एक. सासू मला म्हणाली, मुलगी द्यायची म्हणजे आता फक्त घर बघून भागत नाही, गाडीचा वार पण बघावा लागतो.

यावर कुणी म्हणेल, तपासणी नको का? हवी. माझ्या ओळखीतल्या एकाही माणसानं कधी तपासणी नको असं म्हटलेलं नाही. १८ फेब्रुवारी २००७ च्या रात्री दिल्लीहून अटारीला जाणाऱ्या त्याच गाडीत पानिपतजवळ दिवाणा स्टेशनच्या आसपास स्फोट झाले, डबे पेटले. ६८ माणसं गेली, बहुतेक पाकिस्तानी नागरिक, काही भारतीय. मराठी माणसाला पानिपत म्हटलं की १७६१ आठवतं. मला त्या डब्याच्या खिडक्यांचे गज आठवतात, कारण दोन वर्षांपूर्वी मी त्याच गजांना ओढणी बांधून अम्मीवर येणारं ऊन अडवलं होतं. आणि २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईत जे आले ते समुद्रातून, बोट पळवून. त्यांच्या हातात कुठल्या गावाचा व्हिसा नव्हता, त्यांनी कुठं हजेरी दिली नाही. त्यानंतर रांग मात्र लांबली ती आमची, ज्यांच्याकडे चार प्रती आणि सहा फोटो होते. हे मी तक्रार म्हणून नाही, हिशेब म्हणून मांडतेय.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सगळं एकदम बंद झालं. काश्मीरचा निर्णय झाला, पाकिस्ताननं समझौता थांबवली. शेवटच्या फेरीला गाडी वाघ्यालाच अडकली, पलीकडचे ड्रायव्हर-गार्ड पुढे यायला तयार नव्हते, तेव्हा आपल्याकडून इंजिन गेलं आणि प्रवाशांना घेऊन आलं. मग थार एक्स्प्रेस बंद, दिल्ली–लाहोर बस बंद. १९९९ मध्ये वाजपेयी स्वतः ज्या बससेवेच्या पहिल्या फेरीत बसून गेले, कारगिलच्या लढाईतही जी चालू राहिली, ती बस. अटारीची पायवाट तेवढी उरली. एप्रिल २०२५ मध्ये पहलगाममध्ये निरपराध पर्यटकांना मारलं आणि तीही बंद झाली. परतायला मोजके दिवस दिले गेले. तेव्हा टीव्हीवर अटारीच्या रस्त्यावरची जी दृश्यं दिसत होती, त्यात भारतीय पासपोर्टवाल्या आया आणि पाकिस्तानी पासपोर्टवाली त्यांची मुलं होती. मुलांना जायची परवानगी, आईला नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, मग त्या मुलांना गाडीत कोण बसवणार?" मी तिला उत्तर दिलं नाही, कारण माझ्याजवळ नव्हतं.

त्याच दिवसांतली एक बातमी बहुतेकांच्या नजरेतून निसटली असेल. बाडमेरकडच्या एका राजपूत नवरदेवाची वरात अटारीवरून परत फिरली. नवरी उमरकोटची. म्हणजे आपल्या दारासमोरच्या वाळवंटापलीकडे नवरी, आणि नवरदेव तिच्यासाठी पंजाबच्या टोकापर्यंत गेला, कारण मुनाबावचं स्टेशन बंद. मला त्या डब्यातली सासू आठवली. आता वार बघायलाही गाडी नाही.

खाला २०२२ मध्ये वारली. फजरनंतर फोन आला, जोहरला दफन झालं. आमच्यात मयत थांबवत नाहीत. सगळ्या गाड्या चालू असत्या तरी अम्मी पोचली नसतीच, व्हिसालाच महिना-दोन महिने लागले असते. हे मी तिला समजावलं आणि तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पण चाळीसाव्याला तरी." तेवढंच.

आता रस्ता दुबई-शारजावरून आहे. ज्यांचं कुणी आखातात आहे ते तिथं भेटतात, बाकीचे उमऱ्याला मक्का-मदिनेत. आखात नसतं तर कोकणातल्या या घरांचं काय झालं असतं कोण जाणे. माझा भाऊ शारजात आहे. गेल्या हिवाळ्यात मी अम्मीला घेऊन गेले आणि कराचीहून खालाची मुलगी आली, तीच, वेफर्सवाली. आता तिला तीन मुलं. आम्हाला व्हिसा महाडच्या एका ट्रॅव्हल एजंटनं फोनवर काढून दिला, कुठल्या गावात जाणार ते कुणी विचारलं नाही. मुंबई ते शारजा एकोणीसशे किलोमीटर, शारजा ते कराची बाराशेच्या आसपास. बेरीज करून बघा, पुन्हा अटारीवरून जायचो तेवढीच भरते.

पाच दिवस होतो. अम्मीनं तिला सांदणं करायला शिकवली, ती आईकडून शिकायची राहिली होती. कोकम नेलं होतं, दोन किलो. ती परतीच्या सामानात बसवताना तिनं मुलांची खेळणी भावाकडे ठेवली, कोकम नेलं. निघताना आम्ही एकाच दिवसाची तिकिटं काढली होती, म्हणजे विमानतळावर थोडा वेळ मिळेल. तिचं विमान आधी होतं. सामान तपासणीची रांग एकच होती. तिच्या मागं अम्मी, अम्मीच्या मागं मी.